श्रीवर्धनचे देशमुख, साताऱ्याचे सेनाकर्ते

भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांना, म्हणजे बाळाजी विश्वनाथांना, घोड्यावर धड बसता येत नसे. दोन्ही बाजूंनी एकेक माणूस त्यांना धरून चाले, असे ग्रँट डफने आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे. पुढे कितीतरी पुस्तकांत ही गोष्ट तशीच उतरली. मला ती पटत नाही. १६९९ पासून हा माणूस पुणे प्रांताचा सरसुभेदार होता आणि पुढे दौलताबाद प्रांताचा. त्याच वर्षांत औरंगजेब स्वतः सह्याद्रीत उतरून एकेक किल्ला वेढत होता. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले ओळीने पडत होते आणि मराठे ते परत घेत होते. असल्या धामधुमीत आज या खोऱ्यात तर उद्या त्या घाटाखाली वसूल गोळा करत फिरणाऱ्या सुभेदाराला घोडा येत नव्हता, हे मानायचे कसे?

तरीही ही गोष्ट टिकली. त्याचे कारण असे की बाळाजी विश्वनाथ तलवारीच्या जोरावर वर आलेले नव्हते. संताजी, धनाजी, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर यांची नावे लढायांतून गाजली. बाळाजींचे नाव गाजले ते जमाखर्चातून, करारमदारातून आणि चार रुसलेल्या माणसांना एका तंबूत बसवण्याच्या हातोटीतून. आणि तरीही १७१९ साली दिल्लीच्या तटापाशी जाऊन उभी राहिलेली मराठ्यांची पहिली मोठी फौज त्यांच्या हुकमाखाली होती. दफ्तरातून आलेल्या माणसाने हे कसे केले, ते नीट पाहिले पाहिजे. अठराव्या शतकातल्या मराठी राज्याचे बळ आणि त्याची दुखणी, दोन्ही तिथेच सापडतात.

भट घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती. श्रीवर्धन म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख, आणि शेजारी कुलाब्याला कान्होजी आंग्रे जोर धरत होते. या दोघांच्या वैरात किनाऱ्यावरची वतनदार घराणी भरडली गेली. आंग्र्यांशी आतून संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीने बाळाजींच्या भावाला पोत्यात घालून समुद्रात बुडवले, असे परंपरेने सांगतात. ते कसेही असो, बाळाजींनी वतनावर पाणी सोडले. चिपळूणच्या मिठागरावर त्यांनी काही काळ कारकुनी केली आणि मग घाट चढून ते देशावर आले. वेळासचे भानू त्यांच्या सोबत होते. या दोन घराण्यांची सोबत पुढे शंभर वर्षे सुटली नाही. नाना फडणीस याच भानूंच्या वंशातले.

रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण सचिव तेव्हा राज्य सांभाळत होते. राजाराम महाराज जिंजीला अडकलेले असताना महाराष्ट्रातला कारभार या दोघांनी चालवला होता, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींत बाळाजी होते. त्या काळात वसुलाचे काम म्हणजे काय होते, हे समजल्याशिवाय हा माणूस समजत नाही. एकाच गावावर मोगल अंमलदारही हक्क सांगे आणि मराठ्यांचा कमाविसदारही. पाटील दोघांना थोडे थोडे देऊन जीव वाचवी. देशमुखांपाशी दोन्हीकडच्या सनदा असत. कोणत्या गावाची मूळ जमाबंदी काय, प्रत्यक्षात निघते काय, कोणता देशमुख कोणाचा सोयरा, कोण कोणाला मिंधा, हे ज्याला तोंडपाठ, त्यालाच पैसा मिळे. आणि पैसा मिळे त्यालाच घोडे मिळत.

१७०७ च्या प्रारंभी औरंगजेब वारला. उत्तरेकडे तख्तासाठी निघालेल्या आझमशहाच्या छावणीतून, भोपाळच्या बाजूला, मे महिन्यात संभाजी महाराजांचे कैदेतले पुत्र शाहू महाराज सुटले. त्यांची आई येसूबाई, सावत्र भाऊ मदनसिंग आणि कुटुंबातली इतर माणसे मात्र ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिली. तिकडे आपल्या मुलाच्या नावे राज्य चालवणाऱ्या राजाराम महाराजांच्या विधवा राणी ताराबाईंनी शाहू तोतया असल्याचे जाहीर केले आणि सेनापती धनाजी जाधव यांना फौज देऊन पाठवले. भीमेकाठी खेडला १२ ऑक्टोबर १७०७ रोजी दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. पण धनाजींचे मन आधीच वळले होते. आलेला पुरुष खरोखर संभाजी महाराजांचा मुलगा आहे याची त्यांची खात्री पटवून देण्यात खंडो बल्लाळ चिटणीस आणि बाळाजी विश्वनाथ यांचा हात होता. बाळाजी तेव्हा धनाजींकडे वसुलाचे काम पाहत. लढाईच्या दिवशी परशुरामपंत प्रतिनिधी एकटे पडले आणि साताऱ्याकडे हटले. जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

त्याच वर्षी धनाजी वारले आणि त्यांचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला. बापाचा विश्वासू कारभारी मुलाला नकोसा झाला. वसुलाच्या हिशेबावर बाळाजींची नजर असणे त्याला खपत नव्हते. १७११ साली एका शिकारीत ठिणगी पडली. हरणावरून बाळाजींचा स्वार पिराजी राऊत आणि चंद्रसेनाचा कारकून व्यासराव यांची जुंपली, व्यासराव जखमी झाला. पिराजीला आपल्या हवाली करा, असा चंद्रसेनाने आग्रह धरला आणि बाळाजींनी नकार दिला. आश्रयाला आलेल्या आपल्या शिपायाला देऊन टाकले असते तर भांडण तिथेच मिटले असते. त्याऐवजी सेनापतीची फौज मागे लागली आणि बाळाजींना बायकामुलांसह पळत पांडवगड गाठावा लागला. पिलाजी जाधवांनी त्यांना या अडचणीत साथ दिली. शाहू महाराजांनी बाळाजींची बाजू घेतली, हैबतरावांना पाठवले, आणि चंद्रसेन राज्याचे सेनापतिपद टाकून ताराबाईंकडे गेला. तिथून पुढे निजामाकडे. मराठ्यांच्या सर्वांत गाजलेल्या सेनापतीचा मुलगा मोगलांचा मनसबदार झाला.

शाहू महाराजांपाशी या वेळी काय उरले होते? सातारा आणि आजूबाजूचा मुलूख. सेनापती गेला होता. कोकण कान्होजी आंग्र्यांकडे होते आणि कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला. दामाजी थोरात, कृष्णराव खटावकर, उदाजी चव्हाण असे मातब्बर आपापल्या गढीत राजे होऊन बसले होते. खजिना नव्हताच. अशा वेळी महाराजांनी फौज उभी करण्याचे काम बाळाजींवर सोपवले आणि १७११ मध्ये त्यांना 'सेनाकर्ते' हा किताब दिला.

रिकाम्या खजिन्यावर फौज कशी उभी राहते? शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो, पण त्याला आधी नालबंदी हवी, म्हणजे मोहिमेच्या तयारीसाठीची आगाऊ रक्कम. बारगिराला घोडासुद्धा सरकारने द्यायचा. नालबंदीसाठी रोकड लागते, रोकड सावकाराकडे असते, आणि सावकार राजाचे तोंड पाहून पैसे देत नाही, वसुलाची खात्री पाहून देतो. बाळाजींची सारी मातब्बरी इथे कामी आली. बारा वर्षे त्यांनी वसूल केला होता. कोणत्या परगण्यातून किती येईल याबद्दल त्यांचा शब्द सावकारांत चालत होता. त्यांनी स्वतःच्या पतीवर कर्ज काढले, स्वार जमवले आणि सरदारांना सरंजामाची वचने दिली. इतर सेनापती फौज घेऊन मुलूख जिंकत. बाळाजींनी अजून हाती न आलेल्या मुलखाच्या वसुलावर फौज उभी केली. यात धोका उघड होता. एक हंगाम बुडाला असता तर सावकार, शिलेदार आणि राजा तिघेही बुडाले असते. बाळाजी तर पहिल्यांदा.

हे काम किती जिवावरचे होते ते दामाजी थोरातांच्या प्रकरणावरून दिसते. हिंगणगावचे थोरात सोप्या सलुखाला येईनात, म्हणून बाळाजी बोलणी करायला गेले. बेलभंडार उचलून शपथ झाली. आत गेल्यावर थोरातांनी त्यांना, त्यांच्या कुटुंबाला आणि सोबतच्या पुरंदऱ्यांना कैद केले. शपथेची आठवण दिली तेव्हा, बेल हे झाडाचे पान आणि भंडारा म्हणजे हळद, ती तर आम्ही रोज खातो, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे बखरकार सांगतात. राखेचे तोबरे भरून छळ केल्याची हकीकतही बखरीत आहे. शेवटी शाहू महाराजांनी दंड भरून सर्वांना सोडवले. बाळाजींच्या पत्नी राधाबाई आणि लहानगे मुलगे बाजीराव-चिमाजी यांच्याही वाट्याला असली वर्षे आली होती. पेशव्यांच्या घराण्याचा इतिहास शनिवारवाड्यापासून सुरू करणाऱ्यांनी हिंगणगावची गढी विसरू नये.

खटावकरांचे बंड बाळाजींनी मोडले. मग १७१३ साली मोठा घाव आला. पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले आणि उलट त्यांच्याच कैदेत सापडले. लोहगड आंग्र्यांनी घेतला. आता घाटमाथ्यावरून साताऱ्याची वाट मोकळी होती. शाहू महाराजांनी आंग्र्यांचे काम बाळाजींना सांगितले आणि त्याआधी, १७ नोव्हेंबर १७१३ रोजी, पुण्याजवळ मांजरीच्या मुक्कामी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली. पेशवाई पदरात पडल्याशिवाय या मोहिमेत अर्थ नाही, हे बाळाजी ओळखून होते. आंग्र्यांसारखा दर्यासारंग एखाद्या कारकुनाशी तह करणार नाही. राज्याच्या मुख्य प्रधानाशी करील.

या मोहिमेत लढाई जवळजवळ झालीच नाही. लोणावळ्याजवळ वळवण इथे दोघे भेटले. दोघेही किनाऱ्यावरचे, दोघांनाही सिद्दी माहीत, दोघांनाही इंग्रज आणि पोर्तुगीज कोकणात काय करत आहेत हे दिसत होते. बाळाजींनी जी बाजू मांडली असेल ती तहाच्या कलमांवरून कळते. सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कान्होजींकडेच राहिली. दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्या ताब्यात कायम झाली. बदल्यात त्यांनी शाहू महाराजांना छत्रपती मानायचे, पिंगळ्यांना सोडायचे, घाटमाथ्यावर जिंकलेली बहुतेक ठाणी परत करायची. ८ फेब्रुवारी १७१४ चा हा तह. कान्होजींच्या हातात जे होतेच, त्यातले बरेचसे त्यांना शाहूंच्या शिक्क्याने मिळाले. तलवारीचा वार न करता मराठ्यांचे सारे आरमार साताऱ्याच्या बाजूला आले आणि ताराबाईंच्या पक्षाचा सर्वांत भक्कम खांब निखळला. त्याच वर्षी ताराबाईंच्या कोल्हापूरच्या राजवाड्यात उलथापालथ झाली. ताराबाई आणि त्यांचा मुलगा नजरकैदेत गेले, त्यांच्या सवतीचा, राजसबाईंचा, मुलगा संभाजी गादीवर आला. यामागे बाळाजींची फूस होती असे अनेक इतिहासकार मानतात.

वळवणची ही पद्धत पुढे सगळीकडे दिसते. ज्याच्याकडे ताकद आहे, त्याची ताकद हिसकावून घ्यायची नाही. ती कबूल करायची, तिच्यावर राजाचे नाव लावायचे आणि तिला एका करारात बांधायचे. शिवाजी महाराजांची रीत वेगळी होती. त्यांनी रोख पगाराची फौज ठेवली, वतनदारांची गढीकोटांची मस्ती मोडली, फौजेसाठी मुलूख तोडून देण्याचे टाळले. पण औरंगजेबाशी पंचवीस वर्षे चाललेल्या झगड्यात ती व्यवस्था मोडून पडली होती. जिंजीला असताना राजाराम महाराजांना सरदार टिकवण्यासाठी वतने आणि सरंजाम यांची वचने देणे भागच पडले होते. बाळाजींनी सरंजाम शोधून काढला नाही. तो त्यांच्या पुढ्यात होता. त्यांनी त्याचा हिशेब बांधला.

आता दिल्लीकडे वळू. १७१३ पासून फर्रुखसियर तख्तावर होता, आणि त्याला तख्तावर बसवणारे बारह्याचे सय्यद बंधू, वजीर अब्दुल्लाखान आणि मीरबक्षी हुसेन अलीखान, त्याला डोईजड झाले होते. १७१५ मध्ये हुसेन अली दख्खनचा सुभेदार होऊन निघाला, तेव्हा बादशहाने दाऊदखान पन्नीला आतून कळवले की याला वाटेतच संपव. बऱ्हाणपूरला लढाई झाली आणि दाऊदखानच मारला गेला. दख्खनमध्ये आल्यावर हुसेन अलीला मराठ्यांशी लढावे लागले. सुरत-बऱ्हाणपूर रस्त्यावर खंडेराव दाभाड्यांनी त्याच्या सरदाराची फौज बुडवली. पाठीमागे दिल्लीत बादशहा त्याच्या भावाच्या जिवावर उठलेला, पुढ्यात न संपणारे मराठे. या कोंडीत त्याला शंकराजी मल्हार भेटला. हा जुना मराठी मुत्सद्दी जिंजीला राजाराम महाराजांचा सचिव होता. नंतर काशीला जाऊन राहिला आणि तिथून सय्यदांच्या पदरी आला. त्याने बाळाजींशी बोलणी सुरू केली.

१७१८ साली कलमे ठरली. शिवाजी महाराजांच्या वेळचे स्वराज्य शाहू महाराजांना परत द्यायचे. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, हैदराबाद आणि विजापूर या दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि त्याखेरीज सरदेशमुखी, म्हणजे दहावा हिस्सा. येसूबाई आणि इतर मंडळी यांची सुटका. मराठ्यांकडून बादशहाला सालीना दहा लाख रुपये पेशकश, चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार स्वारांची चाकरी, आणि सरदेशमुखीच्या बदल्यात चोरा-दरोडेखोरांपासून मुलखाचा बंदोबस्त. सहा सुभ्यांचा कागदोपत्री आकार सुमारे १८ कोटींचा होता. प्रत्यक्षात युद्धाने उजाड झालेल्या या मुलखातून त्याचा काही भागच निघत असे, हे बाळाजींइतके कोणाला ठाऊक?

बादशहाने हा तह नाकारला. हुसेन अलीने मराठ्यांना बरोबर घेऊनच दिल्लीला जायचे ठरवले. १७१८ च्या अखेरीस फौज निघाली. मराठे पंधरा हजारांच्या आसपास होते. मुख्य बाळाजी विश्वनाथ. सोबत खंडेराव दाभाडे, पिलाजी जाधव, उदाजी पवार, भोसले घराण्यातले संताजी, दफ्तरासाठी बाळाजी महादेव भानू, आणि अठरा वर्षांचे बाजीराव. फौजेचा खर्च सय्यदांच्या माथी होता. सोबत एका हत्तीवर मोईनुद्दीन नावाचा इसम बसवलेला होता. औरंगजेबाचा पळून गेलेला मुलगा अकबर, त्याचा हा मुलगा, मराठ्यांनी पकडून दिलेला, त्याला हुजुरात पोचवायला चाललो आहोत, अशी हुसेन अलीने सबब रचली होती.

बाळाजींची ही स्वारी मला विलक्षण वाटते. तीस वर्षांपूर्वी याच बादशाहीने संभाजी महाराजांचा वध केला होता, रायगड घेतला होता. आता मराठी फौज नर्मदा उतरून, माळव्यातून, आग्र्याच्या वाटेने दिल्लीला चालली होती, आणि वाटेत तिला कोणी अडवले नाही. बाजीरावांसारख्या तरुणांनी या वाटेवर जे पाहिले, कुठे चौकी आहे आणि कुठे नाही, कोणता सुभेदार घरी बसून आहे, कोणती नदी कुठे उतरता येते, ते पुढच्या वीस वर्षांत उपयोगी पडले.

फेब्रुवारी १७१९ मध्ये फौज दिल्लीला पोचली. २७ तारखेच्या संध्याकाळपासून सय्यदांनी लाल किल्ल्याच्या आत आपली माणसे पेरली होती. मराठे शहरात आणि किल्ल्याबाहेर उभे केलेले. दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, अब्दुल्लाखान किल्ल्यात मारला गेल्याची आवई उठली. बादशहाच्या बाजूचे काही सरदार रस्त्यावर आले, मराठ्यांनी त्यांना अडवायचा प्रयत्न केला आणि गर्दीत झटापट सुरू झाली. मग बाजारातल्या लोकांनी हात उचलला. अरुंद गल्ल्यांत, चौकांत, घरांच्या गच्च्यांखाली अडकलेल्या घोडेस्वाराला ना वळायला जागा, ना पळायला. मोकळ्या मैदानात ज्यांना कोणी गाठू शकत नसे, त्या स्वारांना लोकांनी दगडालाठ्यांनी आणि त्यांच्याच हत्यारांनी मारले. मोगल तवारिखांत दीड ते दोन हजार मराठे पडल्याचा आकडा आहे. संताजी भोसले पडले. बाळाजी महादेव भानू पडले.

त्याच वेळी किल्ल्यात फर्रुखसियरला जनानखान्यातून ओढून बाहेर काढले, डोळे फोडले आणि कैदेत टाकले. दोन महिन्यांत त्याचा जीव घेतला. रफीउद्दरजात नावाचा आजारी तरुण तख्तावर बसवला गेला.

पेशव्यांच्या फौजेने बादशहाला हात लावला नाही, पण त्या दिवशीचे दडपण तिच्याच जोरावर आणले गेले. दुसऱ्याच्या भांडणात भाडोत्री म्हणून उभे राहण्याची किंमत मराठ्यांनी रस्त्यावर मोजली. या प्रसंगावर मराठी लेखणी सहसा भरभर पुढे जाते. सनदा मिळाल्या, काम फत्ते झाले, असे लिहून मोकळी होते. मला ते दोन हजार विसरता येत नाहीत. त्यांतले बहुतेक शिलेदार होते. मेलेला घोडा आणि हरवलेले हत्यार त्यांच्या घरच्यांच्या अंगावर कर्ज म्हणून उरले असणार. भानूंच्या घराला फडणिशी मिळाली. बाकीच्यांच्या घरी काय गेले, त्याचा हिशेब दफ्तरात मिळत नाही.

मार्चमध्ये सनदा हाती आल्या. स्वराज्याची, चौथाईची, सरदेशमुखीची. गुजरात आणि माळवा यांच्या चौथाईचीही मागणी होती, ती मिळाली नाही. महिना संपता संपता फौज परत फिरली. पालखीत येसूबाई होत्या. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला तेव्हा त्या मोगलांच्या हाती गेल्या. मुलगा सात वर्षांचा होता. औरंगजेबाच्या छावणीसोबत त्या दख्खनभर फिरल्या, मग मुलगा सुटला आणि त्या दिल्लीला नेल्या गेल्या. जुलै १७१९ मध्ये साताऱ्याला मायलेक भेटले. सनदांचे मोल रुपयांत मोजता येईल. या एका सुटकेसाठी शाहू महाराजांनी बाळाजींचे जन्मभर उपकार मानले.

आता खरे काम होते वाटणीचे. त्यात बाळाजींचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो. चौथाईचे चार भाग करून एक, म्हणजे शेकडा २५, राजबाबती म्हणून छत्रपतींचा. उरलेल्यापैकी शेकडा ६ सहोत्रा पंत सचिवांना, शेकडा ३ नाडगौडा महाराज देतील त्याला. बाकीचा ६६ टक्के ऐन मोकासा, तो सरदारांना, फौज बाळगण्यासाठी. सरदेशमुखी सगळी छत्रपतींची. मुलूखही वाटून दिले: पेशवे आणि सेनापतींकडे खानदेश, बागलाण आणि गुजरातची बाजू, कान्होजी भोसल्यांकडे वऱ्हाड, सरलष्करांकडे गंगथडी, फत्तेसिंग भोसल्यांकडे कर्नाटकची बाजू. आणि एकाच सरदाराचे सारे उत्पन्न सलग मुलखात न ठेवता दुसऱ्याच्या हद्दीतली गावे, तिसऱ्याच्या परगण्यातले हक्क त्याला जोडून दिले, म्हणजे कोणी एकटा फुटून स्वतंत्र होऊ नये. चंद्रसेन जाधव आणि दामाजी थोरात पाहिलेल्या माणसाची ही खबरदारी होती.

वसुलाचा आकार धरला तो तोडरमल्ल आणि मलिक अंबर यांच्या जुन्या, भरलेल्या दिवसांतल्या जमाबंदीवर. प्रत्यक्ष मुलूख तेवढे देऊ शकत नव्हता, म्हणून मराठ्यांची बाकी कायम निघत राही. डफने यात कावा पाहिला. मला त्यात कावा आहे तशी गरजही दिसते. ज्या राजाच्या पेटीत रोकड नाही, त्याला सरदारांना देण्यासारखे एकच असते: हक्क, आणि तो वसूल करण्याची मुभा. घरी बसून मोकासा मिळत नव्हता. फौज घेऊन गेले तरच मिळे. त्यामुळे सरदार पुढे पुढे सरकत गेले, गुजरातेत, माळव्यात, बुंदेलखंडात. राज्य वाढले ते या हिशेबाच्या रेट्याने. आणि याच हिशेबाने सरदारांची फौज त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नावर उभी राहिली, राजाच्या पगारावर नाही. दोन पिढ्यांत नागपूर, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर ही वेगवेगळी घरे झाली. गावे एकमेकांत गुंफून ठेवण्याची खबरदारी जुन्या मुलखात चालली. नर्मदेपलीकडे जिंकलेल्या नव्या मुलखात ती चालली नाही. याचा दोष एकट्या बाळाजींना देता येत नाही, कारण १७११ च्या साताऱ्यात बसून दुसरा मार्ग कोणाला सुचला असता असे मला वाटत नाही. पण ती गाठ त्यांच्या हातची होती, हेही खरे.

घोड्यावर बसता न येणारा हा माणूस शेवटच्या हिवाळ्यातही मोहिमेवर होता. कोल्हापूरकरांशी पुन्हा बिनसले होते. तिथून परतल्यावर २ एप्रिल १७२० रोजी सासवडला बाळाजींचे निधन झाले. अवघ्या दोन आठवड्यांनी, १७ एप्रिलला, कऱ्हाडजवळ मसूरच्या मुक्कामी शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. दरबारातल्या जुन्या मंडळींना एकोणीस वर्षांच्या पोराला प्रधान करणे पसंत नव्हते. महाराजांनी त्यांचे ऐकले नाही.

बाजीरावांच्या हाती वडिलांकडून आलेले होते ते कर्ज, ओळखी आणि दिल्लीच्या सनदा. सनदा देणारे सय्यद बंधू १७२० मध्येच पडले. दख्खनचा सुभा निजामाकडे गेला आणि चौथाई देण्याची त्याची मनापासून तयारी कधीच नव्हती. जानेवारी १७२१ मध्ये चिखलठाणला बाजीराव त्याला भेटले. बोलणी गोड झाली, पैसा आला नाही. पुढे निजामाने कोल्हापूरच्या संभाजीला हाताशी धरले आणि खरा छत्रपती कोण याचा निकाल लागेपर्यंत चौथाई कोणालाच देणार नाही, असे सांगून मराठ्यांचे कमाविसदार हाकलले. बाजीराव फौज घेऊन निघाले. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला त्यांनी निजामाला पाण्यावाचून कोंडले आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. त्यात निजामाने मराठ्यांचे कमाविसदार परत बसवायचे आणि सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मागल्या थकबाकीसह द्यायचे कबूल केले.